हरवलेली अर्धी डिग्री

देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे साडू जवळपास असते, तर ती अजून तपासणीतच पडून असती. कडा सारख्या नाहीत म्हणून चंद्र पहिल्याच रात्री परत गेला असता, सह्याद्रीची रांग दोरी लावून पुन्हा घालायला सांगितली असती, आणि माणूस नावाच्या मालाचा तर एकही नग पास झाला नसता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे देवगडकडचे, राहायला मुलुंड पूर्वेला, आणि सगळी नोकरी मरोळच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून झालेली. यंत्राचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, पण आतला इन्स्पेक्टर काढून घ्यायला कारखाना विसरला. तो इन्स्पेक्टर मग साडूंबरोबर घरी आला आणि तिथून आम्हा सगळ्या नातेवाइकांवर त्याची ड्युटी सुरू झाली.

साडू आमच्या बोरिवलीच्या घरी येतात तेव्हा चप्पल काढण्याआधी दार दोनदा उघडून मिटून बघतात. बिजागरी कुरकुरली तर त्यांचा चेहरा जवळचं कोणी आजारी असल्यासारखा होतो. मग भिंतीवरच्या तसबिरी. माझ्या घरातली प्रत्येक तसबीर थोडी कलती आहे. मी स्वतःही थोडा कलताच आहे आणि त्यात माझं चाळीस वर्षं छान चाललं आहे. पण साडू खिशातून पेन्सिलीएवढी पाणसळ काढतात, तसबिरीवर ठेवतात, आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखतात आणि मगच सोफ्यावर टेकतात. एका गणपतीत त्यांनी मखर सूतभर डावीकडे झुकलंय म्हणून आरती थांबवली होती. सगळी आळी हातात टाळ घेऊन उभी, आणि हे मखराखाली पोस्टकार्डाच्या घड्या सरकवतायत. शेवटी ताई, म्हणजे माझी मेव्हणी, शांतपणे म्हणाली की बाप्पाची सोंडसुद्धा एका बाजूलाच आहे, ती सरळ करून घ्या आधी. आरती लगेच सुरू झाली.

ताई ही या माणसाला देवाने दिलेली एकमेव तोडीस तोड गोष्ट. एकदा साडूंनी उकडीचे मोदक ताटात घेऊन त्यांच्या पाकळ्या तपासल्या आणि ज्यांच्या पाकळ्या सारख्या नव्हत्या ते बाजूला काढले. ताईने चांगले मोदक उचलून आम्हाला वाढले आणि रिजेक्ट झालेला सगळा माल साडूंच्या पानात ओतला. साडूंनी तो तुपाबरोबर शेवटच्या कळीपर्यंत संपवला आणि वर म्हणाले की चवीला दोष नाही, दोष फक्त फिनिशिंगमध्ये आहे. त्यांच्या संसाराचं सूत्र मला त्या दिवशी कळलं. हे दोष काढणार, ती ते दोष त्यांच्याच पानात वाढणार, आणि दोघांचंही पोट भरणार.

आता विमानाकडे येतो, कारण साडूंची खरी गोष्ट तीच आहे. मरोळचा कारखाना विमानतळाच्या अगदी कुशीत. विमानं शेडच्या पत्र्यावरून इतकी खालून जायची की बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून थांबायचा आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचा. बाकीचे लोक कानावर हात ठेवत. साडू मात्र हातातलं मोजायचं व्हर्नियर तसंच धरून दारात येत आणि विमानाचं पोट तपासत. 'डावं चाक जरा उशिरा उघडलं,' असं पुटपुटत परत आत जात. वर जाऊन ते चाक बघायची सोय नव्हती, हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव दुःख. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोणालाही न विचारता रिमोटवर उडणारं एक शिकाऊ विमान आणलं. ट्रेनर म्हणतात त्याला. नवशिक्याच्या हातून चुका झाल्या तरी सांभाळून घेणारं, स्वभावाने गरीब. हलक्या लाकडाचं, पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच फूट, रंग पिवळा.

विमान जोडून झालं ते महिन्याभरात. मग ट्रिमिंग सुरू झालं, आणि ते तीन वर्षं चाललं. मला यातलं जेवढं कळतं तेवढं सांगतो. विमानाला वळवायला पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात, त्यांना एलेरॉन म्हणतात. उजवीकडे वळायचं तर उजव्या पंखाची पट्टी वर व्हायला हवी आणि डाव्याची खाली. वर चढायला आणि उतरायला शेपटीवर एक आडवी पट्टी असते आणि नाक फिरवायला एक उभी. रिमोटची दांडी हलवली की पोटातल्या छोट्या मोटरी तारा ओढतात आणि या पट्ट्या हलतात. कोणती पट्टी किती हलावी हे उडवण्याआधी लावून घ्यायचं असतं, तेच ट्रिमिंग. सर्वसाधारण माणूस हे एका दुपारी उरकतो. साडूंनी पहिल्या दिवशी दोन्ही एलेरॉन बारा डिग्रीवर लावले, दुसऱ्या दिवशी मोजले तर डावा साडेअकरा भरला. अर्धी डिग्री गेली कुठे? कानातली कुडी हरवल्यावर घरदार जसं वाकून शोधतं तशी त्यांनी ती अर्धी डिग्री शोधायला घेतली. सापडायची, पुन्हा हरवायची. पावसाळ्यात लाकूड फुगलं म्हणून, थंडीत आखडलं म्हणून, दिवाळीत खालच्या मजल्यावर सुतळी बॉम्ब लागला म्हणून.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर. विमान टेबलावर चढल्यापासून त्या घरात कोणी टेबलावर जेवलं नाही. मीही तिथे ताट मांडीवर घेऊन, पंखाच्या टोकापासून डोकं वाचवत कित्येकदा जेवलोय. साडू टेबलाच्या टोकाला, त्यांच्या ठरलेल्या खुर्चीत, रिमोट घेऊन बसत आणि विमानाचं नाक त्यांच्याकडे असे. विमान घरात आलं तो दिवस दसऱ्याचा, त्याला ओवाळून टेबलावर ठेवलं होतं, आणि ओवाळलेल्या वस्तूने यजमानाकडे पाठ करून बसू नये असं त्यांचं मत पडलं. त्यामुळे नाक साडूंकडे, शेपूट स्वयंपाकघराकडे, आणि शेपटीशी ताई. पट्टीला कोनमापक लावून आकडा वाचायचं काम तिचं, कारण जवळचं तिलाच चष्म्याशिवाय दिसायचं. संध्याकाळचा चहा झाला की दोघं आपापल्या जागी बसत. हे दांडी हलवत, ती आकडा सांगे. 'बारा.' 'परत.' 'बाराच आहे.' 'नीट बघ.' 'अहो, बाराच आहे, माझी भाजी करपतेय.' मग भाजी उतरवून ती परत शेपटीशी येऊन बसे.

ताईचा रोज माझ्या बायकोला फोन यायचा आणि त्यात या विमानाला ठेवणीतल्या शिव्या असायच्या. सवतीला नवरा निदान बाहेर ठेवतो, माझ्या सवतीला मी रोज पुसते, असं ती म्हणे. आज एलेरॉन झालं, उद्या शेपूट आहे, परवा पुन्हा एलेरॉन. बायको मला जेवताना सगळा वृत्तांत सांगायची आणि आम्ही मनसोक्त हसायचो. एकदा मी साडूंना न राहवून विचारलं, भाऊ, उडवणार कधी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अर्धवट शिजलेला भात मागितला होता. म्हणाले, पास झाल्यावर.

मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घरं रिकामी करायची आणि नवी इमारत होईपर्यंत भांडुपला एका खोलीत भाड्याने राहायचं असं ठरलं. ती खोली साडूंनी मोजून आणली होती, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. पलंग ठेवला तर टेबल बसत नव्हतं, टेबल नाही म्हणजे विमान नाही. ताईने शेवटचं सांगितलं. रविवारी विमान उडलं तर बोरिवलीच्या माळ्यावर जाईल, म्हणजे माझ्या माळ्यावर, हे मला नंतर कळलं. नाही उडलं तर सोमवारी भंगारवाला. ताई बोलते ते करते. तिने एकदा साडूंची स्कूटर त्यांच्या डोळ्यांदेखत भंगारात दिली आहे.

शनिवारी साडूंचा फोन आला. आवाज इतका खाली की मला वाटलं घरात कोणी झोपलंय. 'साडूभाऊ, उद्या गाडी काढ,' म्हणाले. रविवारी पहाटे आम्ही निघालो. मुंबईत विमानतळापायी असलं काही उडवायला बंदी, म्हणून त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या मित्राने मुरबाडच्या पुढचं, भात कापून झालेलं एक मोकळं शेत ठरवलं होतं. हा मित्र गेली कित्येक वर्षं असली विमानं उडवतो आणि साडूंना तोंडी शिकवण्याही त्यानेच दिलेल्या. मागच्या सीटवर ताई, तिच्या मांडीवर पिवळे पंख आणि पायाशी घावण्यांचा डबा. मी साक्षीला येतेय, एवढंच ती म्हणाली. साडू माझ्या शेजारी रिमोट छातीशी धरून. एरवी माझ्या गाडीतल्या आवाजांची ते यादी करतात. त्या दिवशी गाडीचा एक दरवाजा नीट लागला नव्हता तरी त्यांच्या लक्षात आलं नाही, तेव्हा मी घाबरलो.

कल्याण मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "पडलं, मोडलं तरी चालेल रे. पण न उडताच भंगारात गेलं, तर मी तीन वर्षं काय करत होतो? लोक विचारतील तेव्हा काय सांगू?"

आयुष्यात पहिल्यांदा मला या माणसाची काळजी वाटली आणि ते विमान उडावं असं मनापासून वाटलं.

शेतात मित्र आधीच येऊन थांबला होता. त्याने विमान पाहून वा वा केलं आणि रिवाजाप्रमाणे हात पुढे केला, म्हणजे उडवण्याआधी सगळ्या पट्ट्या एकदा हलवून बघायला. साडूंनी विमान मागे घेतलं. पास झालेल्या मालाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा मरोळचा कायदा. मित्रही त्याच कारखान्यातला, त्यामुळे त्यानेही तो कायदा मानला आणि हात खिशात घातला. दुसऱ्या कोणाही माणसाने आग्रह केला असता. एका इन्स्पेक्टरने पास म्हटल्यावर दुसऱ्याने पुन्हा मोजणं हा त्यांच्यात अपमान असतो, आणि पुढचं सगळं या सभ्यतेमुळे झालं.

मग नारळ ठेवला आणि साडूंनी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला हुंकार द्यायचा असतो. टोपी सरळ करून, डोळे मिटून ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज जां ह्यां इमान उडवचा ठरवलेला आसा, तां सुखरूप वर जांवदे नि सुखरूप खाली येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

इथे गाऱ्हाणं संपतं. साडूंचं संपलं नाही. त्यांनी देवाला एलेरॉन बारा डिग्री वर आणि दहा डिग्री खाली लावल्याचं सांगितलं, शेपटीची पट्टी सांगितली, तारांची लांबी सांगितली, आणि ह्यात जर काय सूतभर फरक पडलेलो असात तर तो तू सांभाळून घे, असं मागणं केलं. आम्ही प्रत्येक मापाला व्हय म्हाराजा म्हणत होतो. ताईचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि सगळी मापं तिला पाठ असल्यामुळे एका ठिकाणी तिचा हुंकार मापाच्या आधीच आला.

विमान धावलं आणि उडलं. इतकं सहज उडलं की आम्ही तिघं बावळटासारखे बघत राहिलो. बांधावरच्या आंब्याच्या उंचीवर गेलं, आणि डोंगराकडून थोडा वारा आला. डावा पंख जरासा खाली कलला. साडूंनी शिकवल्याप्रमाणे दांडी उजवीकडे केली. पंख आणखी डावीकडे झुकला. त्यांनी आणखी उजवीकडे केली. विमान डाव्या कुशीवर पडायला लागलं. मित्र रिमोट घ्यायला धावला, पण साडूंच्या हाताची पकड सुटेना. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ नुसते हलत होते. बहुतेक बारा, बारा म्हणत असावेत.

"अहो, उलटं फिरवा," ताई म्हणाली. ओरडली नाही. दूध उतू जाताना म्हणते त्या आवाजात म्हणाली.

आणि आमच्या साडूंनी, ज्यांनी आयुष्यात कोणाचाही शब्द न मोजता घेतलेला नाही, दांडी उलटी फिरवली. विमान थरथरलं, सरळ झालं आणि पिवळं धमक उन्हात पुढे निघालं. ताई साडूंच्या मागे उभी राहिली, त्यांच्या शर्टाला पाठीमागून धरलं, आणि डावं, आता उजवं, नाही हो, तुमचं नाही त्याचं, असं सांगत राहिली. तिने जिथे सांगितलं तिथे त्यांनी दांडी वळवली. शेताला मोठमोठ्या फेऱ्या झाल्या. एका फेरीला विमान आमच्या डोक्यावरून खालून गेलं तेव्हा साडूंनी मान वर करून त्याचं पोट पाहिलं आणि ते हसले. मी त्यांना हसताना पुष्कळदा पाहिलंय, पण दोष न शोधता वर बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उतरताना विमान दोन उड्या मारून नाकावर गेलं, पुढचं चाक वाकलं, बाकी सगळं शाबूत. मला टाळ्या वाजवाव्यात की रडावं ते कळेना, म्हणून मी घावण्यांचा डबा उघडला.

मग मित्राने विमान शेपटीकडून हातात धरलं आणि दांडी हलवून दाखवली. दांडी उजवीकडे, पट्टी डाव्या पंखाची वर. सगळी मापं अचूक, दिशा मात्र उलटी. वैमानिक शेपटीकडे पाठ करून बसतो, नाकासमोर खुर्ची टाकून बसत नाही, हे त्याने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. तीन वर्षं साडूंनी आपल्या उजव्या हाताची बाजू ही विमानाची उजवी धरली होती. समोरासमोर बसल्यावर माणसाचं उजवं ते समोरच्याचं डावं असतं, एवढीच गोष्ट राहून गेली होती. ताई म्हणाली की तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मला उलटं दिसतंय म्हणून, तेव्हा तू मागून बघतेस म्हणून उलटं दिसतंय असं उत्तर मिळालं. त्यानंतर ती फक्त आकडे सांगत आली.

साडूंनी दांडी स्वतः एकदा उजवीकडे हलवून पाहिली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ताईच्या हातात दिली आणि म्हणाले, "माल पास. इन्स्पेक्टर रिजेक्ट."

दुरुस्तीला रिमोटचं एक बटण पुरलं. मित्राने चाक सरळ केलं आणि विमान त्या सकाळी आणखी दोनदा उडलं, अगदी कोणी काही न सांगता. परतताना गाडीत साडू मोठ्याने गात होते आणि माझा दरवाजा नीट लागत नाही हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. सगळं ठीक झालं होतं.

पुढच्या शनिवारी मी विमान न्यायला मुलुंडला गेलो. घरचा माळा रिकामा करून ठेवला होता. साडूंच्या घरात खोक्यांची रास, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या, कोपऱ्यात बांधाबांधीचे दोरखंड. टेबल तेवढं जागच्या जागी. विमानाचं तोंड आता खिडकीकडे होतं आणि शेपूट इकडे, कारण योग्य बाजू तीच. आणि म्हणून साडूंची खुर्ची आता शेपटीशी आली होती, ताईच्या खुर्चीला लागून. दोघं एकाच बाजूला शेजारी शेजारी बसली होती. चहाचे रिकामे कप खोक्यावर. मी आलोय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

ताई कोनमापक लावून वाकली होती. आता त्या विमानात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते तीनदा उडलं होतं, रेषेत उतरलं होतं, मित्राने पाठ थोपटली होती. मी दारातून नीट पाहिलं, दोन्ही पट्ट्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या, माझ्यासारख्या कलत्या माणसालाही ते दिसत होतं.

"अहो," ताई म्हणाली, "डावं मला अर्धी डिग्री कमी वाटतंय."

साडूंनी चष्मा लावला. पट्टीकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा तपासणीत खोटं बोलले. "हो," म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय. बस, बघू."

मी दार हळूच ओढून घेतलं. ते कुरकुरलं नाही. जिना उतरताना माळ्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं आणि त्या दोघांचा मला फार हेवा वाटत होता.